उताराच्या प्लॉटवर घर बांधताना: आधी पाण्याची वाट, मग खोल्या

मराठवाडा म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढं सपाट काळं रान येतं. अंबाजोगाई, धाराशिव, पाटोदा, नाहीतर खुलताबाद-कन्नडकडं प्लॉट शोधत फिरलेल्या माणसाला विचारा. एकीकडं बालाघाट, दुसरीकडं अजिंठ्याची रांग. गावालगतची सपाट जागा केव्हाच विकली गेली, आता नवे लेआउट माळाच्या उतारावर चढलेत. प्लॉट दाखवायला नेतात एप्रिल-मेमध्ये. एजंट हात हलवून सांगतो, "दोन टिप्पर मुरूम टाकला की झालं लेव्हल." आपणही मान डोलावतो, कारण भाव सपाट प्लॉटपेक्षा बराच कमी असतो.

मी या भागात घरांच्या कामावर देखरेख करतो. माझं स्वतःचं घरही उतारावरच आहे आणि त्यात एक चूक मला चांगलीच महागात पडली, ती पुढं येईलच. बहुतेक लोक सुरुवात नकाशापासून करतात. मोबाईलवर आवडलेला तीन बेडरूमचा नकाशा घ्यायचा आणि तो उतारावर बसवायचा. मग जमीन नकाशाला बसेना म्हणून जेसीबी, मग भराव, मग भिंती, आणि निम्मं बजेट जोत्याखालीच गाडलं जातं. माझा क्रम असा: आधी पाणी बघा, मग माती, मग माप. खोल्या सगळ्यात शेवटी.

प्लॉट भर पावसात पाहा

जमल्यास घेण्याआधी एक पावसाळा थांबा. घेतलाच असेल तर बांधायच्या आधी एक पावसाळा जाऊ द्या. आपल्याकडं मृगाच्या सरीत फार काही कळत नाही, कारण तापलेली जमीन सगळं पिऊन टाकते. खरी परीक्षा सप्टेंबरात, परतीच्या पावसात. जमीन भिजून तृप्त झालेली असते आणि पडेल तो थेंब खाली पळतो. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जे पाणी झालं, त्यात कोणता प्लॉट जुन्या ओढ्यावर बसलाय हे अनेकांना घरात पाणी शिरल्यावर कळलं.

छत्री घेऊन जा आणि तीन गोष्टी बघा. पाणी प्लॉटमध्ये कुठून शिरतं आणि कुठून बाहेर पडतं, ही पहिली. वाहून आलेला पालापाचोळा नि काड्या ओळीनं अडकलेल्या दिसतात, ती पाण्याची सही समजा. दुसरी, पाऊस थांबल्यावर दोन-तीन दिवसांनी कोणता भाग पायाखाली अजून मऊ लागतो. तिसरी गोष्ट जानेवारीत बघायची: सगळा माळ पिवळा पडलेला असताना एखाद्या पट्ट्यात गवत हिरवं आहे का? मुरूम आणि खालचा कातळ यांच्या सांध्यातून पाणी झिरपत येतं आणि उताराच्या मधेच जमीन उपळते. अशा पट्ट्यात घराची मागची बाजू खोदली की तो पाझर थेट तुमच्या बेडरूमच्या भिंतीला लागतो.

वरून किती पाणी येईल याचा साधा हिशोब करून ठेवा. एका गुंठ्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ते झाले सुमारे ५,००० लिटर, म्हणजे एक टँकर. तुमच्या डोक्यावर १० गुंठे उघडा माळ असेल आणि त्यातलं निम्मं पाणी जरी खाली आलं, तरी पाच टँकर तुमच्या मागच्या हद्दीवर ओतले गेले. त्याला वाट दिली नाहीत तर ते स्वतःची वाट करतं.

गावचा जुना नकाशा तलाठ्याकडं किंवा भूमी अभिलेख कार्यालयात बघायला मिळतो. त्यात ओढा-नाल्याची रेघ आपल्या गटातून जाते का ते बघा. लेआउट पाडताना नाला बुजवतात. पाणी मात्र जुनी वाट विसरत नाही.

कागद आणि हद्द

इथं फार थांबत नाही. सातबारा, बिनशेतीचे (एनए) कागद, मंजूर लेआउट, बांधकाम परवानगी हे सगळ्या प्लॉटना सारखंच. उताराच्या प्लॉटला मात्र सरकारी मोजणी आधी करून घ्या, कारण चढाची माती अडवणारी संरक्षक भिंत हद्दीवरच येते आणि चुकीच्या हद्दीवर उभी राहिलेली भिंत मग हलवता येत नाही. स्वतः टेप लावताना टेप आडवा धरा, जमिनीवर लोळवू नका. दहात एक उतार असेल तर ७० फुटांत चार इंचांचा फरक पडतो. भावकीत कोर्टापर्यंत जायला चार इंच पुरतात. आणखी एक: उकरलेला मुरूम प्लॉटबाहेर न्यायचा किंवा बाहेरून आणायचा असेल तर गौण खनिजाच्या परवान्याचं तहसीलात आधी विचारून घ्या. टिप्पर रस्त्यात अडवला गेला की गुत्तेदार तुमच्याकडं बोट दाखवतो.

नळी आणि चुन्याची फक्की

आर्किटेक्टकडं जाण्याआधी तुमच्या हातात उताराचा आकडा हवा. टोटल स्टेशन (मोजणीचं इलेक्ट्रॉनिक यंत्र) असलेला सर्व्हेअर आणलात तर उत्तमच. नाही तर गवंड्याची पाण्याची नळी चालते. शंभर फूट पारदर्शक नळी, आत एकही बुडबुडा राहता कामा नये, दुपारच्या उन्हात तापलेली नको. सकाळी लवकर दोघांनी जायचं.

प्लॉटवर दहा-दहा फुटांवर फक्कीनं चौकटी आखा. ४० × ७० फुटांच्या प्लॉटवर ४० बिंदू येतात. शून्य कुठं धरायचं? समोरच्या रस्त्याच्या मधोमध. प्लॉटचा कोपरा धरू नका, तो उद्या जेसीबीच्या पात्यात जाईल. नळीचं एक टोक शून्यावरच्या काठीला, दुसरं बिंदूवरच्या काठीला, पाणी स्थिरावलं की दोन्हीकडच्या उंचीतला फरक चौकटीच्या वहीत लिहा. मधे एकही आकडा अंदाजानं भरू नका. सकाळ जाते, पण हा कागद पुढं दोन वर्षं उपयोगी पडतो.

रस्ता शून्य धरण्याचं दुसरंही कारण आहे. आपल्याकडं रस्ता नवा करताना जुना उकरत नाहीत, त्यावरच थर चढवतात. डांबरावर डांबर, मग सिमेंट. दहा-पंधरा वर्षांत रस्ता अर्धा-एक फूट वर आलेला सहज दिसतो. तुमचा प्लॉट रस्त्याच्या खाली असेल तर दर थराबरोबर तुम्ही आणखी खड्ड्यात जाता. अशा प्लॉटवर पुढची कड रस्त्याच्या मध्यापेक्षा किमान दीड-दोन फूट वर ठेवा, नाहीतर फाटकाच्या आत आडवी जाळीची नाली करून रस्त्याचं पाणी तिथंच पकडा.

खड्डे घ्या, दोन ग्लास भरा

घर जिथं येणार त्याच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागात एकेक खड्डा घ्या, सहा-सात फूट खोल. जेसीबीला तासाभराचं काम. हा खर्च लोकांना वाया गेलेला वाटतो. माझ्या मते पूर्ण घरात यापेक्षा किफायतशीर पैसा दुसरा नाही.

उतारावर माती सारखी नसते, हे मुख्य. शेकडो वर्षं पावसानं वरची माती खाली ओढून आणलेली असते. वरच्या खड्ड्यात अर्धा फूट माती, मग लाल-पिवळा मुरूम, मग विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो मऊ खडक किंवा थेट काळा पाषाण. खालच्या खड्ड्यात मात्र चार-पाच फूट काळी माती, तिच्याखाली चुनखडीचे खडे असलेला पांढुरका थर, मग मुरूम. घराचं निम्मं अंग मुरमावर आणि निम्मं काळीवर बसलं की काळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, मुरूम जागचा हलत नाही. मग घराच्या बरोबर मधे, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. पुट्टी भरा, रंग द्या, पुढच्या मेमध्ये ती परत तिथंच.

काळी किती फुगणारी आहे हे घरी बघता येतं. माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीनं चाळा. दोन सारख्या उभट ग्लासांत दोन-दोन चमचे टाका. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल, हलवून चोवीस तास ठेवा. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्ही थरांची उंची पट्टीनं मोजा. पाण्यातला थर रॉकेलातल्यापेक्षा निम्म्यानं किंवा त्याहून जास्त उंच दिसला तर ती माती पायाखाली ठेवायची नाही. प्रयोगशाळेतली चाचणी याच तत्त्वावर चालते. स्ट्रक्चरल इंजिनिअरला त्या चाचणीचा कागद लागेल, ग्लास तुमच्या स्वतःच्या समजुतीसाठी.

निर्णय सरळ आहे. काळी तीन-चार फुटांची असेल तर सगळ्या फूटिंग (खांबांखालचे काँक्रीटचे पाये) तिच्याखाली मुरमापर्यंत न्या, घरातल्या भरावाखालची कुठलीही काळी काढून टाका. काळी फारच खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइलचा विचार इंजिनिअरला करू द्या. पाइल म्हणजे जमिनीत खोल ओतलेला काँक्रीटचा खांब; खाली कांद्यासारखी फुगवलेली ही पाइल रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं अशाच मातीसाठी विकसित केली. आणि ती काढलेली काळी माती फेकू नका, परसातल्या कढीपत्त्याला नि लिंबाला तिच्यासारखं दुसरं काही नाही.

घर किती पायऱ्यांत बसवायचं

आता आकडे हातात आले. एक उदाहरण घेऊ. ४० × ७० चा प्लॉट, पूर्वेला रस्ता, पश्चिमेकडं चढ, ७० फुटांत ७ फूट फरक, म्हणजे दहात एक. घर २८ फूट रुंद, ३६ फूट खोल. घराच्या पोटात फरक आला ३.६ फूट.

सगळं एकाच पातळीवर घ्यायचं तर मागं १.८ फूट कापायचं आणि पुढं १.८ फूट भरायचं. पाचराच्या आकाराचं हे कापकाम सुमारे साडेचार ब्रास होतं (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). पुढच्या बाजूला भरावावर पुन्हा दीड-दोन फूट जोतं, म्हणजे फाटकातून बघणाऱ्याला चार फूट उंच जोतं दिसणार. तेच घर मधून तोडून पुढचे १८ फूट खाली, मागचे १८ फूट पावणेदोन-दोन फूट वर असं दोन पातळ्यांत घेतलं तर कापकाम निम्म्यावर, सव्वादोन ब्रासवर येतं. भरावही निम्मा, आणि मागच्या भिंतीची उंचीही कमी. कातळ लागला तर हा फरक फार मोठा होतो, कारण ब्रेकर तासावर चालतो आणि काळा पाषाण तासाला ऐकत नाही.

मग सगळ्यांनी दोन पातळ्या कराव्यात का? नाही. घरात सत्तरीची आई असेल तर स्वयंपाकघर आणि देवघर यांच्यामधे रोज वीस वेळा चढाव्या लागणाऱ्या चार पायऱ्या तिच्या गुडघ्यांना विचारून ठेवा. माझा ढोबळ हिशोब असा: घराच्या पोटातला फरक तीन फुटांपर्यंत असेल तर एकच पातळी आणि पुढं उंच जोतं. तीन ते सहा फुटांना दोन पातळ्या. सात-आठ फुटांच्या पुढं गेला तर खालच्या बाजूला भराव टाकणं हा मूर्खपणा, तिथं खांब उभे राहू द्या आणि खाली गाडी, धान्याच्या कोठ्या, पाण्याचा हौद घ्या.

दोन पातळ्या करायच्याच असतील तर त्यांचा सांधा घरात एकाच ठिकाणी ठेवा. इथं एक पायरी, तिथं दोन, असं विखुरलं की पाहुणे ठेचकाळतात. पायरी सहा इंचांची, पाऊल अकरा-बारा इंच, एका बाजूला हाताला धरायला कठडा. आईवडिलांची खोली, त्यांचं संडास-बाथरूम, स्वयंपाकघर आणि देवघर एकाच पातळीवर, आणि ती पातळी फाटकातून कमीत कमी पायऱ्यांत गाठता यावी. मुलांच्या खोल्या वर. आपल्या जुन्या वाड्यांत ढाळजेतून चौकात, चौकातून सोप्यात जाताना पातळी बदलायची, आणि कोण कुठपर्यंत येणार तेही त्यातच ठरायचं. आजच्या घरातही बैठक खालच्या पातळीवर आणि घरचं वरच्या असं केलं तर त्या पायऱ्या अर्थपूर्ण होतात.

वरच्या उदाहरणात चढ पश्चिमेला आहे, ते नशीबच म्हणायचं. मे महिन्यात आपल्याकडं सूर्य जवळपास डोक्यावरून जातो, खरा जाळ येतो तो दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर. मागं कापलेली बाजू आणि संरक्षक भिंत त्या भिंतीचा खालचा भाग सावलीत ठेवतात. संडास, जिना, कोठीची खोली पश्चिमेला टाका. वास्तुशास्त्रवालेही पूर्वेकडचा उतार मानतात, म्हणून इथं कुणी अडत नाही. उतार पश्चिमेला असला की मात्र लोक पाच-पाच फूट भराव टाकून तो उलटा करायला निघतात. त्या भरावावर उभ्या घराला कोणती दिशा वाचवणार, मला ठाऊक नाही.

माझी भिंत

माझ्या घरामागं सहा फुटांची संरक्षक भिंत होती. पंधरा इंची दगडी, सिमेंटात बांधलेली, वर झकास कोपिंग. गुत्तेदार म्हणाला, "सर, इतक्या पक्क्या भिंतीला भोकं कशाला? दिसायला वाईट दिसतात." मी लोकांना सांगणारा माणूस, पण त्या आठवड्यात दुसऱ्या साइटवर स्लॅब होता. मी हो म्हटलं.

तीन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंतीला मधे पोट सुटल्यासारखं वाटलं. पहाटे आवाज आला. बारा फूट भिंत आडवी. जवळ जाऊन पाहिलं तर दगड एकमेकांना अजून चिकटलेले, सिमेंट कुठंच सुटलेलं नव्हतं. भिंत फुटली नव्हती, ढकलली गेली होती. तिच्यामागचा मुरूम आंबीलीसारखा झाला होता, बूट घोट्यापर्यंत रुतला.

कारण हिशोबात आहे. सहा फूट कोरड्या मुरमाचा रेटा भिंतीच्या दर मीटर लांबीवर साधारण एक टन. त्यात पाणी थोपून राहिलं की तोच दोन टनांच्या वर जातो. भिंत मातीसाठी बांधली होती आणि तिला तलाव अडवायला लावला.

आता नवी भिंत अशी आहे. तळाला तीन फूट रुंद, माथ्याला दीड फूट, म्हणजे तळ उंचीच्या निम्मा. पाया मुरमात दीड फूट खाली. मागं तळापासून वरपर्यंत एक फूट जाडीचा ४० मिलिमीटर गिट्टीचा उभा थर. चार इंची पीव्हीसीची भोकं पाच-पाच फुटांवर, खालची रांग समोरच्या जमिनीपासून सहा-नऊ इंच वर, बाहेरच्या बाजूला झुकलेली, आतल्या तोंडाला जाळी. वरची रांग खालच्या भोकांच्या मधे. भिंतीमागं भराव फक्त मुरमाचा. काळी माती भरली तर ती फुगून स्वतःच ढकलते. सहा फुटांपर्यंतची दगडी भिंत अनुभवी गवंडी बांधेल, पण चार-पाच फुटांच्या वर इंजिनिअरचा कागद घ्याच, आणि सहा फुटांहून उंच असेल तर आरसीसी करा किंवा एका उंच भिंतीऐवजी दोन बुटक्या भिंती मधे अंतर ठेवून घ्या.

घराची मागची भिंत आणि संरक्षक भिंत यांच्यात चार-पाच फुटांची बोळ सोडा. जागा वाया जाते म्हणून घराच्याच भिंतीला माती टेकवणारे लोक आहेत. त्यांच्या कपाटातल्या साड्यांना श्रावणात बुरशी येते. बोळीत उजेड येतो, वारा येतो आणि तळाला नाली जाते.

वरचं पाणी वळवणं

पाणलोटाची कामं आपण गावोगाव पाहिलीत. धावत्या पाण्याला चालायला लावा, चालत्याला थांबायला लावा. शेतात ते अगदी बरोबर. पण घराच्या मागच्या हद्दीवर लोक तोच समतल चर खणतात आणि फसतात. समतल चरात पाणी उभं राहून मुरतं, आणि इथं ते मुरलं की तुमच्या भिंतीमागंच जातं. घरामागचा चर वाहता हवा: एक-दीड फूट रुंद, फूटभर खोल, आतून सिमेंटचा, दर शंभर फुटाला एक फूट उतार, घराच्या दोन्ही अंगांनी वळवून खाली. पुढं गेल्यावर, घर ओलांडल्यावर, मग त्याला खुशाल थांबवा आणि मुरवा.

खाली सोडतानाही शेजाऱ्याच्या जोत्यावर धार पडू देऊ नका. मूळ नाल्यात किंवा रस्त्याच्या गटारात न्या. शेजाऱ्याशी हे बोलणं खोदकामाआधी, चहा पिताना करायचं असतं.

छतावरचं पाणी वेगळं ठेवा. हजार चौरस फूट गच्ची आणि वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तरी गळती-वाफ सोडून ५०,००० लिटरच्या आसपास पाणी मिळतं. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते पाहिलेल्या पिढीला हे सांगायला नको. उताराचा फायदा असा की हौद गच्चीच्या खाली पण परसाच्या वर बसवला तर झाडांना मोटारीशिवाय पाणी जातं. पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर सोडायची तोटी ठेवा आणि हौदाचा जादा पाण्याचा पाइप बोअरच्या पुनर्भरण खड्ड्यात द्या.

पाया, खांब आणि किल्लारी

उतारावर फूटिंग वेगवेगळ्या खोलीवर येतात. शेजारच्या दोन फूटिंगच्या तळांत जितका उभा फरक, त्याच्या दुप्पट तरी आडवं अंतर त्यांच्यात हवं, नाहीतर वरची खालच्या माथ्यावर दाबते. फूटिंगच्या कडेपासून उघड्या उतारापर्यंत आडवं अंतर मातीत किमान ९० सेंटिमीटर, खडकात ६०. इंजिनिअरनं हे पाहिलं का, एवढं विचारलं तरी तो सावध होतो. एकही फूटिंग भरावावर नको. फरशीखालचा भराव सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून, धुमस देऊन. एका दिवसात चार फूट मुरूम लोटून वर शाबादी फरशी घातलेल्या ओसऱ्या मी दोन वर्षांत बशीसारख्या खचलेल्या पाहिल्या आहेत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे झालं, तेव्हा जाड दगड-मातीच्या भिंती आणि वरची माळवदं (मातीची सपाट, जड छतं) लोकांवर कोसळली. त्यावेळच्या भूकंप नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. २००२ च्या सुधारित मानकात तो क्षेत्र ३ मध्ये आला. आज सगळे आरसीसी बांधतात, म्हणून निश्चिंत आहेत. उतारावर मात्र आरसीसीची एक वेगळी दुखरी जागा असते. वरच्या बाजूचे खांब बुटके, खालच्या बाजूचे उंच, आणि डोक्यावर एकच स्लॅब. धक्का बसला की स्लॅब सगळ्यांना सारखाच ढकलतो. लांब ओली तुराटी वाकते, तिचाच वीतभर तुकडा तेवढाच वाकवायला गेलात तर कडकन मोडतो. बुटक्या खांबांचं तसंच होतं. म्हणून जमेल तिथं वरच्या बाजूची माती खांबांपासून मोकळी करून त्यांची मोकळी उंची वाढवा, उंच खांब मधल्या पातळीवर बीमनं बांधा, आणि बुटक्या खांबांत उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा तळापासून माथ्यापर्यंत चार-चार इंचांवर येऊ द्या. सेंट्रिंगवाला मधल्या भागात रिंगा विरळ करतो, ती त्याची जुनी सवय. काँक्रीट ओतायच्या आदल्या संध्याकाळी स्वतः टेप घेऊन जा.

गाडी, संडास, बोअर

रॅम्प आठात एकपेक्षा तीव्र नको, अगदीच अडचण असेल तर सहात एक. दोन फूट चढायला म्हणजे सोळा फूट लांबी लागते, ती नकाशात आधीच दाखवा. वर आणि खाली तीन-चार फूट निम्म्या उताराचे ठेवा, नाहीतर गाडीचं पोट घासतं.

सेप्टिक टँक आणि शोषखड्डा खाली, बोअर वर, दोघांत किमान ५० फूट. चार इंची पाइपला दर दहा फुटाला तीन इंच उतार पुरतो. जमीन उतरती आहे म्हणून पाइप धबधब्यासारखा सोडला तर पाणी पुढं पळून मैला मागं राहण्याची भीती असते. उतार जास्त असेल तिथं मधे चेंबर घेऊन पाइप पायरीनं उतरवा. काळीत शोषखड्डा पाणी पीत नाही, तो मुरमात जाईल इतका खोल घ्या. रस्ता वर आणि टँक मागं खाली असेल तर उपशाच्या टँकरची नळी तिथंवर पोचते का, हे आजच मोजा.

कामाचा क्रम

खड्डे आणि नकाशा दिवाळीनंतर. खोदकाम जानेवारीत. मागची संरक्षक भिंत सगळ्यात आधी, घराच्या पायाबरोबरच. "कंपाउंड शेवटी बघू" म्हणणारे घर उभं राहिल्यावर जेसीबी मागं नेऊ शकत नाहीत, मग तीच भिंत घमेल्यानं माती वाहून दुप्पट मजुरीत होते. उन्हाळ्यात बांधकामाला पाणी मारायचं तर टँकर लागणारच, तो हिशोबात धरा. मेअखेर भिंतीमागची गिट्टी, भराव आणि वरचा चर पूर्ण, घर अर्धं असलं तरी चालेल.

मग ७ जूनच्या आत एक काम करा. टँकरवाल्याला चराच्या वरच्या टोकाला नळी धरायला लावा आणि आपण पाण्याबरोबर खाली चालत या. नवी भिंत झाल्यावर मी हेच केलं. वळणावर, बोळीच्या कोपऱ्यात, पाणी बोटभर थांबून राहिलं. गवंडी म्हणाला, एवढं चालतं. मी तिथंच बसून राहिलो. त्यानं कोपरा फोडला, अर्धा इंच उतार वाढवला, दुसऱ्या दिवशी पुन्हा नळी लावली. या वेळी पाणी न थांबता वळलं आणि फाटकाशेजारच्या नालीत जाऊन पडलं.